साडेचारशे किलो

ऑरेस्ट गाडीखाली पाठीवर पडून होता आणि चौथा बोल्ट काही केल्या भोकात बसत नव्हता.

“मागून जरा वर रेट,” तो म्हणाला.

डार्लीनने गुडघ्यांवर बसून लोखंडी दांडा दोन्ही हातांनी वर रेटला. बोल्ट बसला. ऑरेस्ट पाना फिरवू लागला. गावातल्या गॅरेजवाल्याने हे काम करायला साफ नकार दिला होता. एवढ्याशा गाडीला मागे ट्रेलर अडकवायचं हिच लावून तो ओढायचा म्हणजे शेळीला नांगराला जुंपण्यासारखं आहे, असं तो म्हणाला होता. मग ऑरेस्टने रेजायना शहरातून हिच मागवलं आणि स्वतःच बसवायला घेतलं.

ट्रक होता तोवर हा प्रश्नच नव्हता. पण ट्रक एप्रिलमध्ये विकला आणि अंगणात उरली ती ही निळी, छोटी गाडी. गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं: मागे साडेचारशे किलो. त्यावर एक किलोही नाही.

ट्रेलर ऑरेस्टच्या हातचा होता. एक्क्याऐंशीच्या हिवाळ्यात त्याने तो मागच्या शेडमध्ये बांधला. बाहेर उणे तीस, आत सरस सुकायचं नाव घेईना. तेव्हा डार्लीन केस वाळवायचं यंत्र हातात धरून प्लायवूडच्या एकेका सांध्यापाशी तासन् तास बसायची. पोटात क्रिस्टीन होती. पोट एवढं पुढे आलेलं, की ट्रेलरच्या दारातून ती आत शिरू शकायची नाही. सांधे बाहेरूनच सुकवायची. आत दोघांपुरती गादी आणि मागचं झाकण उचललं की स्वयंपाकाचा ओटा, एवढाच तो संसार.

नुसत्या ट्रेलरचं वजन तीनशे पन्नास भरलं. म्हणजे सामानाला शंभर किलो. डार्लीनने बाथरूममधला वजनकाटा आणून गवतावर फळीवर ठेवला आणि दोघं ट्रेलर रिकामा करायला बसले.

मासेमारीची पेटी चौदा किलो निघाली. ऑरेस्टने ती उचलून शेडपाशी ठेवली. मग त्याची घडीची खुर्ची गेली, मग त्याचे गमबूट, मग हत्यारांची जड पिशवी. त्यातला एक पाना आणि टायरची हवा बघायचं यंत्र त्याने तेवढं परत आत ठेवलं. दुसरी रजाईही खाली आली. बिडाचा तवा त्याच्या हातात आला तेव्हा मात्र डार्लीन म्हणाली, तवा राहू दे.

“साडेतीन किलो आहे.”

“असू दे. त्या अस्वलाच्या वेळीही तोच होता.”

ऑरेस्टला हसू आलं. वास्केसू तलावावरची पहिलीच सुट्टी. त्याच्या आईने भरून दिलेली पेरोगीची, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची, पातेली ओट्यावर होती. पहाटे अस्वल आलं, होतं नव्हतं ते सगळं चाटून गेलं आणि कांदा तेवढा वेचून बाजूला ठेवून गेलं. आपण गाढ झोपलो होतो, नाहीतर तवा घेऊन बाहेर पडलो असतो, असं ऑरेस्ट त्यानंतर प्रत्येक नाताळात सांगत आला होता.

“झोपला नव्हतास,” डार्लीन म्हणाली. “श्वास रोखून पडला होतास. मला कळत होतं.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुझी गोष्ट छान व्हायची.”

त्याने तवा फडक्यात गुंडाळून परत आत ठेवला.

दिव्यांच्या वायरी जोडून झाल्या. आता ट्रेलर जोडायचा होता. जुलैत मोतीबिंदूचं ऑपरेशन होईपर्यंत ऑरेस्टला गाडी चालवायची मनाई होती, तेव्हा त्याने तिलाच सगळं करायला लावलं. गाडी मागे घे, ट्रेलरचं तोंड हिचच्या लोखंडी गोळ्यावर उतरव, खिट्टी लाव, साखळ्या खालून फुलीसारख्या अडकव. झालं की सोड आणि पुन्हा कर. पन्नास किलोमीटरवर थांबून चारही बोल्ट आवळायचे, हे त्याने दोनदा सांगितलं.

एवढी वर्षं गाडी मागे घेताना स्टिअरिंगवर तो असायचा आणि डार्लीन मागे उभी राहून हात करायची. दोघांची निम्मी भांडणं तिथेच व्हायची. आज तो मागे उभा होता. तिसऱ्या खेपेला तिने गोळा बरोबर तोंडाखाली आणून थांबवला. त्याला हात करावाच लागला नाही.

तिने उतरून ट्रेलर जोडला आणि दोघं हिचकडे बघत उभे राहिले.

“डार्लीन,” तो म्हणाला, “अजून वेळ गेलेली नाही. राहू दे म्हणालीस, तर अर्ध्या तासात हे सगळं उतरवून टाकतो.”

तिने त्याच्या बाहीला लागलेलं गवत झटकलं.

“इतकं नीट लावलंस,” ती म्हणाली. “आता नको उतरवूस.”

तो मान हलवून बाजूला झाला. ती गाडीत बसली. गाडी कुरकुर न करता हलली. ट्रेलर तिच्यामागून फाटकाच्या दोन्ही खांबांना न शिवता बाहेर पडला. खडीच्या रस्त्यावर वळताना उजवा दिवा व्यवस्थित लुकलुकला. दोन्ही बाजूंच्या मोहरीच्या शेतांमधून ती धूळ उडवत गेली.

पलीकडच्या घरातला विल्फ्रेड टपाल घेऊन येत होता. तो कुंपणापाशी थांबला.

“छोट्या गाडीने ओढला की रे,” तो म्हणाला. “चक्कर मारून बघतेय वाटतं. मग निघणार कधी दोघं?”

ऑरेस्ट धूळ खाली बसेपर्यंत रस्त्याकडे बघत राहिला. मग त्याने हात पुसले.

“कोर्टाचे कागद मंगळवारी आले, विल्फ,” तो म्हणाला. “घर मला आलं, ट्रेलर तिला.”