लाल फुली, हिरवी फुली

उद्यापासून मिशिगनात हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडणार होता, आणि रेइनो आजोबा यंदा नातीला, लिनेआला, पहिल्यांदाच रानात नेणार होते. त्यांच्या सुनेच्या, आयलीच्या, जिवाला सकाळपासून स्वस्थता नव्हती. झाडीत हलतंय ते माणूस आहे हे बंदूकवाल्याला लांबूनच कळावं, म्हणून घालतात ते भडक नारिंगी जाकीट तिने दुकानात लेकीसाठी निवडलं, तेव्हा कुठे तिला जरा धीर आला.

शेजारी आजोबा बंदुकीवर बसवायची नवी दुर्बीण डोळ्याला लावून उभे होते. नेम धरायला आत एक उजळणारी फुली असते.

"अरे ग्लेन, ही तुझी लाल फुली पेटतच नाही."

दुकानदाराने वाकून पाहिलं. "चांगली निखाऱ्यासारखी पेटलीय की, काका. थांबा, हिरवी करून देतो."

"हां, ही दिसली. हीच बांध. लाल म्हणून काळी विकता होय रे, लबाडांनो?"

ग्लेन खो खो हसला. आयलीला मात्र हसू येईना. तिने हातातलं जाकीट त्यांच्यासमोर धरलं.

"बाबा, लिनेआला हे घेतलंय. कसं आहे?"

आजोबांनी मान तिरकी करून कौतुकाने पाहिलं.

"झकास. हरणाला दिसू नये म्हणून तर हा रंग घालायचा असतो, पोरी. वाळल्या पाचोळ्यात बसली, तर माझ्यासुद्धा नजरेला पडायची नाही ती."