किमान तीन सामने

१९३३पर्यंत अलिबागच्या हुतूतू स्पर्धेत एकदा हरलेला संघ लगेच बाद व्हायचा. त्या वर्षी बोर्ली पंचतनचा संघ शिडाच्या मचव्यातून दोन दिवसांचा प्रवास करून पोहोचला आणि पहिल्याच सामन्यात हरला. संघाचा कप्तान भागोजी स्पर्धेच्या चिटणिसांकडे गेला. "दोन दिस दर्यातून आलो आनि अर्ध्या तासात घरी? मंग हितं परत कोन येल?" "नियमच आहे," चिटणीस म्हणाले. भागोजी मागे फिरला. पहिल्या फेरीत हरलेल्या आठही संघांना त्याने किनाऱ्यावर नेलं, काठीने वाळूत मैदान आखलं आणि त्यांचे आपसांत सामने लावले. संध्याकाळपर्यंत निम्मे प्रेक्षक तिकडे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चिटणीस वाळूत उतरून म्हणाले, "यापुढे प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील." पुढच्या वर्षी दुप्पट संघ उतरले. भागोजीचा संघ तिन्ही सामने हरला. चिटणीस सांत्वनाला आले, तर तो म्हणाला, "सायेब, पुढल्या साली चार ठेवा."