भिंतीवरचा तक्ता

ठोंबरे सरांनी मुद्दाम तीच जुनी चूक टाइप केली. ‘मर्यादा’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये शून्य ठेवलं आणि एंटर दाबलं. शेजारी उभी शलाका पडद्याकडे बघत होती.

पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये मुलांचे प्रोग्रॅम चालवणारा इंटरप्रिटर सरांनीच लिहिलेला. पण त्याच्या स्वतःच्या सेटिंग्ज सगळ्यांना उघड्या होत्या. कुणी नकळत त्यातलंच नाव वापरलं, की ती सेटिंग बदलून इंटरप्रिटर बंद पडलाच. म्हणून भिंतीवर तक्ता होता, ‘ही नावं वापरू नयेत’, आणि प्रत्येक नव्या बॅचकडून सर तो पाठ करून घेत. शेवटचं नाव, ‘मर्यादा’, शलाकाच्या पहिल्या वर्षातल्या प्रतापानंतर वाढलेलं.

आता ती तिथेच शिकवत होती, तरी सरांच्या लेखी ‘अगं पोरी’च. महिनाभर खपून तिने त्या सगळ्या सेटिंग्ज एका कुलूपबंद रेकॉर्डमध्ये हलवल्या होत्या. मुलांच्या प्रोग्रॅमचा हात तिथवर पोचणार नव्हता.

पडद्यावर शून्य उमटलं आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागला. सरांनी तक्त्यावरची एकूण एक नावं घालून पाहिली. इंटरप्रिटर एकदाही अडखळला नाही.

दारात नवी बॅच उभी होती. सरांनी खुर्चीवर चढून तक्ता उतरवला.

“आज पाठांतर नाही,” ते मुलांना म्हणाले. “हवी ती नावं द्या. मॅडमचं काम आहे, मोडून दाखवा बघू.”

कोण मॅडम, हे शलाकाला क्षणभर कळलंच नाही.