पाठीशी गप्पा

रत्नाकरने मालिशच्या खुर्चीवरच्या गोल उशीत तोंड खुपसलं आणि खाली त्याला तिचे पाय दिसले. तीच होती. निळ्या स्लिपर, झिजून पातळ झालेली जोडवी. त्याला हायसं वाटलं. शेजारच्या खुर्चीपाशीच्या दुसऱ्या बाईकडे धाडलं असतं, तर एवढी लाज सोडून मिळवलेली पाळी वाया गेली असती.

लाज सोडावीच लागली होती. कामाचा ताण उतरावा म्हणून कंपनीने तीन दिवस मालिशवाल्या बायका बोलावल्या होत्या, माणशी एकच पाळी. परवा ‘ही थेरं कोणी सांगितलीत’ म्हणत, आढेवेढे घेत गेलेला हा सत्तावन्न वर्षांचा गृहस्थ आज शेजारच्या टेबलावरच्या क्षितिजला विचारत होता, "तुझी पाळी तू घेणार नसशील तर..."

क्षितिज हसला. "काका, तुम्हाला तर हे सगळं फॅड वाटत होतं ना? घ्या, घ्या. मला तसाही कॉल आहे."

मान फार दुखते, असं रत्नाकर म्हणाला. मान दुखत नव्हती.

खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. परवा ही बाई त्याच्या पाठीशी बोलली होती. त्याच्याशी फक्त "सर, रिलॅक्स" एवढंच. पण हात चालू लागले तसं हळू आवाजात मराठी सुरू झालं, निपाणीकडचं, ठसक्याचं. "काय दगाड झालाय रं खांदा. सोड बाळा, सोड." इथे कन्नड मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या चौथ्या मजल्यावर, कोणाला कळतंय, अशा भरवशावर. तान्ह्या पोरांना तेल लावण्यात जन्म गेला असणार बाईचा. लेकीच्या, ईराच्या वेळी येलहंक्याच्या घरी अशाच एक बाई यायच्या. पोरीला पायांवर पालथी घालून अखंड बोलायच्या. प्रश्न त्यांचेच, उत्तरंही त्यांचीच. आणि शेवटी तिच्या तोंडावरून दोन्ही हात उतरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायच्या. बायको, अलका, हसून म्हणायची, "ऐकलंत? दहाच्या दहा वाजली."

अलकाला जाऊन दोन वर्षं झाली. ईरा हैदराबादला, रविवारी फोन करते, निम्मं इंग्रजीत. घरात मराठी बोलायला कोणी उरलं नव्हतं, आणि न्हावी सोडला तर अंगाला कोणाचा हात लागला नव्हता. हे रत्नाकरला परवा या उशीत तोंड खुपसल्यावर कळलं. तोवर तो आपला मजेत होता. निदान विचारणाऱ्याला तसंच सांगत होता.

आपण मराठी आहोत हे त्याने तिला कळू दिलं नव्हतं. कळलं तर बिचारी ओशाळेल, गप्प बसेल. म्हणून परवा उठताना नुसतं "थँक यू" म्हटलं. आजही त्याने मनाशी पक्कं केलं होतं, तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

हात मानेवर आले, खांद्यांवर उतरले आणि अडखळले.

"आं? हे खांदं तर परवाच सोडवलं हुतं की मी. परत आवळलंस व्हय रं?"

रत्नाकर उशीत लाजला. पाठ ओळखली बाईने.

"जेवलास का? जेवलो म्हणतंय. खोटं बोलतंय. झोपलास का? झोपलो म्हणतंय. कशाचं झोपतंय, ही मान बघा की." अंगठे पाठीच्या कण्याला धरून सावकाश खाली निघाले. रत्नाकरने डोळे मिटले. वर्षानुवर्षं मुठीत धरलेलं काहीतरी सुटत चाललं होतं, आणि त्याला ते सुटू द्यायचं होतं.

"घरात कोण हाय बाळाला?"

उजव्या खांद्याखाली एक गाठ लागली. ती दाबताना बाईचा श्वास अडकला, आणि उत्तर द्यायचं तिच्याकडून राहून गेलं.

"कुणी नाही," रत्नाकर म्हणाला.

हात थांबले. निळ्या स्लिपर एक पाऊल मागे सरल्या.

"साहेब, मराठी हाय व्हय तुम्ही?"

"हं."

"चुकलं साहेब. सवय हो ती. आमच्या मॅडमला सांगू नका, कस्टमरशी बोलायचं न्हाई म्हणत्यात."

"नाही सांगत."

हात परत आले, पण आता ते साहेबाच्या पाठीवर चालत होते. जपून, बेताने, शिकवल्यासारखे. रत्नाकरने स्वतःला मनातल्या मनात नाही नाही ते सुनावलं. दोन शब्द गिळता आले नाहीत तुला, गाढवा. मग न राहवून तो उशीतच म्हणाला, "बोला ना तुम्ही. मी नाही बोलणार मधे."

आवाज भलताच निघाला. हात तसेच बेताने चालत राहिले. थोड्या वेळाने पाळी संपल्याची घंटी वाजली.

"आयतु, सर," शेजारची बाई तिच्या खुर्चीवरच्या माणसाला कन्नडमध्ये म्हणाली. तो उठला, बूट घालून निघून गेला. रत्नाकरही तेवढंच ऐकायची वाट बघत राहिला. झालं, उठा.

तसं कोणी म्हणालं नाही. दोन तळवे त्याच्या विरळ केसांवर टेकले. कानांवरून, गालांवरून सावकाश खाली उतरले आणि निघाले. मग वरून आवाज आला. कडाकडा, दहाच्या दहा.

पुढच्या माणसाचे काळे बूट खुर्चीपाशी येऊन उभे राहिले. रत्नाकरने ओल्या झालेल्या उशीतून तोंड काढलं नाही. काढण्यासारखं ते राहिलं नव्हतं.

"स्वल्प निल्ली, सर," थोडं थांबा, असं ती त्या बुटांना म्हणाली, आणि एक हात रत्नाकरच्या पाठीवर तसाच ठेवून उभी राहिली.