फुली

जनवाड्याच्या पद्माबाईंच्या फोनमध्ये वारलेल्या नवऱ्याच्या आवाजातलं एकच भजन होतं. लेकीच्या लग्नासाठी केलेल्या डीजेच्या गाण्यांच्या यादीत ते मिसळलेलं पाहून त्यांना कसंसंच झालं. यादीतून काढायला त्यांनी ॲपमधली भजनापुढची फुली दाबली, तर भजन फोनमधूनच पुसलं गेलं.

बंगळुरूहून आलेल्या रविकुमारनं, त्यांच्या मुलानं, दिवसभर खटपट केली. भजन परत आलं नाही.

"असलं ॲप कोन्या नालायकानं केलंय रे? तुझ्या अप्पाचा आवाज गेला की! पुसू का म्हनून एकडाव विचारलं असतं तर काय झालं असतं त्याचं?"

रविकुमारनं फोन आईच्या हातात परत दिला. त्याला स्वतःचीच किळस आली.



ॲप त्याच्याच कंपनीचं होतं, आणि लोक कंटाळतात म्हणून तो प्रश्न त्यानंच काढायला लावला होता.