थांबण्याची खूण

मशीन हवेत लटकलं होतं. खाली रिकामा ट्रक, ट्रकच्या बाजूला मालक, आणि वर क्रेनच्या केबिनमध्ये मास्तर. फाटकापाशी हातात हेल्मेट घेऊन दीडशहाणा उभा होता आणि मनातल्या मनात मास्तरांना शिव्या घालत होता.

दीडशहाणा हे नावही मास्तरांनीच ठेवलेलं. क्रेन शिकायला आलेल्या प्रत्येकाचं ते असंच बारसं करत. बाकीच्यांची नावं महिनाभरात गळून पडली, याचं चिकटलं. आणि गेल्या आठवड्यात, प्रमाणपत्र हातातोंडाशी आलेलं असताना, याने घाईघाईत एक लोखंडी तुळई मजुरांच्या डोक्यावरून नेली. कोणाला साधं खरचटलंही नाही. पण मास्तर तरातरा शिडी चढून वर गेले, त्याला कॉलर धरून खाली उतरवलं आणि सगळ्या यार्डासमोर म्हणाले, "चालता हो. एक वेळ गाढवाच्या हाती क्रेन देईन, तुझ्या नाही." इकडे थोरल्या बहिणीने भाऊ क्रेनवर लागल्याचं गल्लीभर सांगून टाकलं होतं. तिला काय तोंड दाखवायचं, हे त्याला अजून सुचलं नव्हतं.

आज तो यार्डाचं हेल्मेट परत करायला आला होता. फाटकावरच्या रखवालदाराने त्याला आतली खबर दिली. मास्तरांची नजर अधू झाली, असं मालकाच्या डोक्यात बसलं होतं. हे मशीन ट्रकवर नीट बसलं तर म्हातारा राहणार, नाहीतर आजच घरी. सांगताना रखवालदार हळहळला. दीडशहाण्याला मात्र मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण म्हातारा चुकायला तयार नव्हता. खाली उभा असलेला खूणवाला हाताने दिशा दाखवत होता आणि मशीन लोण्यातून सुरी फिरावी तसं सरकत होतं. मालकाच्या कपाळावरच्या आठ्याही हळूहळू सैल होत होत्या. दीडशहाण्याला ते बघवेना.

यार्डाचा नियम साधा होता. क्रेनवाल्याने फक्त खूणवाल्याचं ऐकायचं, साक्षात मालक ओरडला तरी त्याचं नाही. अपवाद एकच, थांबण्याची खूण. डोक्यावर दोन्ही हातांची फुली. ती कोणीही दाखवो, चहावाला दाखवो नाहीतर झाडूवाला, जागच्या जागी थांबायचं. का, ते मागाहून विचारायचं. मास्तरांनी हे शिकाऊंकडून इतकं घोकून घेतलं होतं की पोरं झोपेतही तेच बरळत.

दीडशहाण्याने हेल्मेट खाली ठेवलं. मास्तरांना समोर दिसेल असा तो पुढे आला आणि डोक्यावर हातांची फुली केली.

कुठेही काहीही बिघडलं नव्हतं. साखळी ठीक, हुक ठीक, माणसं लांब. म्हाताऱ्याची मालकासमोर फजिती व्हावी, एवढाच त्याचा हेतू. थांबला तर चाललेलं काम फसलं, नाही थांबला तर स्वतःचाच नियम मोडला. इकडे आड, तिकडे विहीर.

मशीन तिथल्या तिथे थांबलं. मास्तरांनी ते अलगद जमिनीवर उतरवलं आणि शिडी उतरून खाली आले.

"का थांबवलंत?" मालक तडकला.

"त्याने फुली दाखवली."

"अहो, त्याला तर तुम्हीच हाकललंय ना?"

"हाकललाय मीच," मास्तर म्हणाले, "आणि शिकवलाय पण मीच."

मग ते मशीनभोवती फिरू लागले. साखळीची कडी न् कडी त्यांनी बोटांनी चाचपली. हुक उलटसुलट करून पाहिला. गुडघे टेकून मशीनच्या बुडाशी डोकावले. उठताना खूणवाल्याचा खांदा धरावा लागला. पुन्हा पहिल्या कडीपासून सुरुवात केली. मालक घड्याळ बघत होता. दीडशहाण्याला वाटलं होतं, म्हातारा आग पाखडेल, अंगावर धावून येईल. त्याला द्यायला चार जहरी उत्तरंही त्याने जिभेवर तयार ठेवली होती. हे शोधणं त्याच्या हिशेबात नव्हतं. त्याला लाज वाटली. भर उन्हात अंग गार पडावं इतकी लाज वाटली.

"कुठे आहे? दाखव ना!" मास्तर त्याच्यावर खेकसले.

मास्तरांनी थोडी वाट पाहिली आणि ते मालकाकडे वळले.

"तुमचं खरं आहे. त्याला फाटकातून दिसलं ते मला हात लावूनही सापडत नाही. गेले माझे डोळे."

त्यांनी केबिनची किल्ली मालकाच्या हातावर ठेवली. मालकानेही ती लगेच मुठीत घेतली.

दीडशहाण्याचं उरलंसुरलं अवसान गळालं. "मास्तर, काही नव्हतं हो!" तो ओरडला. "सगळं ठीक होतं. मी मुद्दाम केलं. तुमचं वाटोळं व्हावं म्हणून केलं!"

मास्तर रागाने लालबुंद झाले. आठवड्यापूर्वी झाले होते त्याहून जास्त.

"मला सांभाळून घेतोस, दीडशहाण्या?" ते म्हणाले. "खोटी फुली दाखवणारा माणूस मी शिकवलेला नाही."