सासऱ्यांचं नाव

कझाकस्तानातल्या चारिनच्या दरीत मी प्रवाशांना फिरवते. गाडी माझे सासरे चालवतात. सकाळी प्रवाशांनी त्यांचं नाव विचारलं. कझाक सून सासऱ्यांचं नाव घेत नाही, म्हणून म्हटलं, "बाबाच म्हणा." दुपारी नदीवरून वर चढताना आमच्यासोबत उतरलेले सासरे दिसेनात. भाजणारं ऊन, त्यात त्यांचं छातीचं दुखणं. मी "बाबा! बाबा!" ओरडत राहिले, तर दुसऱ्या गटांतले म्हातारेच वळून बघू लागले. शेवटी लाज सोडून नावानं हाक मारली, "सागिंदिक!" लाल कड्यांनी ते नाव पुन्हा पुन्हा घेतलं. खडकाआडून टोपी सावरत ते उठले. "चुकलं माझं, बाबा." "अगं, डोळा लागला होता. वाटलं, आई बोलावतेय. ती गेल्यापासून मला नावानं कुणी हाकच मारली नाही." मी डोळे पुसून प्रवाशांकडे वळले. "नाव विचारत होतात ना? मारा बघू सगळ्यांनी हाक!"